खानझोडे मॅडमची सुई

डॉ. कुमुद खानझोडे यांच्या साड्या पांढऱ्या, सुती आणि डागाळलेल्या असत. डाग पिवळट-तपकिरी, थेंबाथेंबांचे, निऱ्यांवरून खाली ओघळलेले. एक्स-रेची फिल्म टाकीतून काढली की ती क्लिपला टांगून वाळू द्यायची असते. तेवढा धीर मॅडमना कधी झाला नाही. निथळती फिल्म दोन बोटांत धरून त्या उजेडाकडे चालू लागायच्या आणि रसायनाचं पाणी साडीवर गळत राहायचं. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक ते डाग पाहून बाई गबाळी आहे असं ठरवून मोकळे व्हायचे. गबाळ्या त्या नव्हत्या. "फिल्म वाळेपर्यंत माणूस वाळते," असं म्हणायच्या, आणि हे त्या नातेवाइकांच्या देखतच म्हणायच्या.

वर्ध्याला एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे मी सत्तरच्या दशकात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो. मॅडम विभागप्रमुख होत्या. विभाग म्हणजे दोन मशिनी, एक डार्करूम आणि मॅडम. त्यांच्याबद्दल चांगलंच लिहा, माणूस गेल्यावर वाईट लिहू नये, असं मला एक-दोघांनी सुचवलं. मी चांगलं-वाईट ठरवत बसत नाही. पाहिलं ते लिहितो.

मी अल्लीपूरचा. बाप दुसऱ्याच्या वावरात मजूर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही केली नव्हती, सगळे अंगठेच होते. मी बी.एस्सी. झालो आणि त्यावर एक्स-रेचा कोर्स केला, हे मी कोणाला सांगायला कधी लाजलो नाही आणि आजही लाजत नाही. पहिल्या दिवशी मी मॅडमसमोर उभा राहिलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर लाल काचांचा मोठा चष्मा होता. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हलती सावली पाहायची असली की आधी डोळ्यांना अंधाराची सवय करावी लागे, त्यासाठी तो असायचा. मॅडम तो चढवून भर उन्हात सगळ्या दवाखान्यात फिरायच्या. लहान पोरं रडायची.

"बी.एस्सी. म्हणते हा," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. "कशात रे?"

"भौतिकशास्त्रात."

"मशीन दुप्पट दूर नेली तं किरण किती उरतात?"

"चौथाई," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन.

"बरोबर आहे. पण एवढं बोंबलून बोलायले कोण शिकवलं? बापानं?"

"हो मॅडम. वावरात एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर बोला लागते. हळू बोललं तं ऐकू येत नाई."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लाल काचांतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मे महिन्यात डेव्हलपरची टाकी गरम होते. बर्फवाल्याकडून बर्फ आणत जाय. वावरातून नको आणू." थूल हे माझं आडनाव. तेव्हापासून मी त्यांचा 'थूल' झालो. बाकीच्यांना मॅडम नावानं हाक मारतच नसत. गधड्या, मुक्या, झोपाळ्या असं काहीबाही म्हणायच्या. इंटर्न डॉक्टर मुलांना तर त्यांनी रडवलं नाही असा एक आठवडा गेला नसेल. नागपूरचा एक गोरागोमटा मुलगा होता, आडनाव बुटे. त्यानं एकदा कवटीच्या फोटोतल्या नैसर्गिक सांध्याला फ्रॅक्चर म्हटलं. मॅडमनी त्याला व्ह्यूबॉक्ससमोर, म्हणजे फिल्म पाहायच्या उजेडाच्या पेटीसमोर उभं केलं, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर त्या सांध्याच्या जागी बोट ठेवलं आणि वॉर्डातल्या आयाबायांना बोलावून सांगितलं, "पाहा, या डॉक्टरचं डोकं जन्मापासून फुटलेलं आहे, तरी चालून राह्यला." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बुटे रडला. मॅडमनी त्याला तोच फोटो पुन्हा वाचायला लावला.

डोक्याचा मार ही त्यांची खास गोष्ट होती. पोटाचे, छातीचे फोटो त्या चालता चालता वाचायच्या. डोक्याचा आला की बसायच्या. आमच्याकडे असा मार भरपूर यायचा. बैलबंडीवरून पडलेले, झाडावरून पडलेले, पोळ्याच्या दिवशी लाठ्या खाल्लेले, हायवेवरचे तर रोजचेच. आणि आमच्या हातात होता कवटीचा साधा फोटो. मॅडमना त्या फोटोचा राग होता. "हा भिंतीचा फोटो आहे," त्या म्हणायच्या. "भिंतीले तडा गेला का नाई, एवढं सांगते. घरात कोण मेलं, कोण जितं, ते भिंत सांगते का? धडधाकट भिंतीच्या आत मुडदे पाह्यले मी. अन् भेगाळल्या भिंतीच्या आत माणूस बिडी पीत बसलेला पाह्यला."

तरी त्या भिंतीकडूनही त्या शक्य तेवढं वसूल करायच्या. मेंदूच्या मधोमध एक लहानशी ग्रंथी असते. वय झालं की तिच्यात चुन्यासारखा कण साठतो आणि फोटोत ठिपका दिसतो. तो ठिपका मधल्या रेषेवरून एका बाजूला सरकलेला दिसला तर समजायचं की दुसऱ्या बाजूला रक्त साठून मेंदू ढकलला गेला. मॅडम शाळेतली प्लास्टिकची पट्टी लावून तो ठिपका मोजायच्या. एकदा सिंदी मेघेच्या एका म्हाताऱ्याच्या पोराला त्या हे समजावत होत्या. ही त्यांची आणखी एक खोड, नातेवाइकाला खेचून व्ह्यूबॉक्ससमोर उभं करायचं. "तुह्या बापाच्या डोक्यात हा चुन्याचा कण आहे, दिसला? तो सरकला."

पोरगा बिचारा हात जोडून म्हणाला, "हो जी म्याडम. बाबा तंबाकूवर लई चुना खाये. आम्ही सांगून सांगून थकलो."

मॅडमना हसू आवरेना. मी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं ते तेवढंच. मग डोळे पुसत त्या पोराला म्हणाल्या, "बाप वाचणार नाई तुहा. बोलवायचं त्याले बोलावून घे." हसू अजून तोंडावरच होतं. पोरगा त्या हसण्याकडे पाहत राहिला. म्हातारा संध्याकाळी गेला.

शेंदराची गोष्ट मी लागलो त्याच वर्षीची. कापसाच्या बंडीवरून डोक्यावर पडलेला एक विशीतला मुलगा गावकऱ्यांनी आणला. डोकं रक्तानं लडबडलेलं. मी फोटो काढला, मॅडमनी ओलाच वाचला. डाव्या बाजूला पांढरी चंद्रकोर दिसत होती. हाड फुटून आत दबलं की दोन थर एकावर एक येतात आणि तिथे असंच पांढरं दिसतं. मॅडमनी क्षणभरही वेळ लावला नाही. "डावीकडं हाड आत गेलं. राऊतले सांगा, डावीकडून उघडा." डॉ. राऊत आमचे सर्जन. चांगला माणूस, हात चांगला, फक्त भित्रा. त्यांनी डावीकडची कातडी उघडली आणि निरोप धाडला, हाड साबूत आहे. मॅडम थिएटरच्या दारात गेल्या. हाड खरंच साबूत होतं, धुतलेल्या परातीसारखं. तोवर मुलाच्या डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या मोठ्या होऊन बसल्या होत्या. म्हणजे रक्त उजवीकडे होतं. उजवीकडे उघडायला वेळच उरला नाही.

मॅडम परत आल्या त्या थेट मी फोटो काढलेल्या टेबलाशी. उशीवर डोक्याचा डाग होता. त्या वाकून पाहत राहिल्या. मग नखानं तो खरवडला, कागदावर घेतला आणि मला म्हणाल्या, "याचा फोटो काढ." मी काढला. फिल्मवर पांढराशुभ्र ठिपका उमटला.

त्यांनी मुलाच्या बापाला आत बोलावलं. "डोक्याले काय लावलं होतं?"

"मारुतीचा शेंदूर लावला जी. तेलात कालवून. रक्त थांबावं म्हणून."

शेंदरात शिसं असतं आणि शिशातून किरण जात नाहीत. तो लाल, त्यावरचं रक्त लाल. कोणाला दिसणार? मॅडमनी दोन्ही फिल्मा बॉक्सवर लावल्या आणि त्या माणसाला जवळ उभं केलं. मला वाटलं, आता सांत्वन करतील.

"हे तुमच्या शेंदराचं. अन् हे मी हाड म्हणून वाचलं. तुमच्या शेंदरानं मले फसवलं, अन् मी फसली. पोरगा आपण दोघांनी मिळून मारला. घरी जाऊन मारुतीले शिव्या देजा, मले इथंच द्या."

बाप हात जोडून उभाच राहिला. त्यानं शिवी दिली नाही. मॅडम थांबल्या होत्या, वाट पाहिल्यासारख्या. मग म्हणाल्या, "बरं, जा."

त्या दिवशी मला त्यांची किळस आली होती, हे मी लिहून ठेवतो. त्या बापाला हे कळायची काय गरज होती? देवाची मर्जी म्हणून घरी गेला असता. पुढे मी बरेच डॉक्टर पाहिले, मोठमोठ्या शहरांतलेही. चूक झाल्यावर ते काय बोलतात तेही ऐकलं. "आम्ही शर्थ केली" हे वाक्य मॅडमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून विभागात नवीन कायदा. धुतल्याशिवाय डोकं टेबलावर यायचं नाही. आया कुरकुरल्या तेव्हा मॅडमनी पदर खोचला आणि अंगणातल्या नळाखाली रोग्याचं डोकं स्वतःच्या हातानं साबण लावून धुतलं. शेंदूर, हळद, चुना, चहापत्ती, एकदा तर कोळ्याचं जाळं. धुता धुता नातेवाइकांना शिव्या. "मारुतीलेच घेऊन यायचं होतं. त्याचाही फोटो काढला असता, तो कुठून पडला ते तरी समजलं असतं."

त्यानंतर त्या काही महिने रजा टाकून मुंबईला गेल्या आणि मानेतली सुई शिकून आल्या. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत सरळ सुई घालायची, हातानं औषध दाबायचं आणि औषध मेंदूच्या नसांत पसरत असतानाच भराभर फोटो घ्यायचे. मेंदू यातही दिसत नाही, पण त्याच्या नसा दिसतात. रक्ताची गाठ साठली असेल तर नसा हाडापासून सुटून आत सरकलेल्या दिसतात, मधली नस वाकलेली दिसते. "भिंत पाहू नको, रस्ते पाहा," मॅडम सांगायच्या. "रस्ते कुठं वळून गेले ते पाह्यलं का समजते, मधात धोंडा कुठं पडला."

सुई घालताना त्या रोग्याला म्हणायच्या, "अर्ध्या तोंडात आग लागल्यासारखं होईल. बोंबलायचं नाई. हलला तं मरशील." तांबडं रक्त पिचकारीसारखं उडालं की नळी जोडायची, "हां" म्हणून ओरडायचं, आणि मी बटण दाबून टेबलाखालच्या फिल्म भरलेल्या कॅसेटी एकामागून एक ओढायच्या. आमच्या दोघांचं त्यात असं जमलं की मॅडमनी श्वास घेतला तरी मला कळायचं. त्या एकाच झटक्यात सुई घालायच्या, दुसऱ्यांदा टोचलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या सुईनं पुष्कळ माणसं वाचली. काहींचं वाईटही झालं. सुईनं नस आखडते, कधी तिच्या आतलं अस्तर सोलून नस बंद पडते, मग मेंदूचा तेवढा भाग जातो आणि अर्धं अंग पडतं. हेही मॅडम आधीच सांगायच्या, मऊ न करता. "वाचला तं लुळा होऊ शकते. चालते का? नाई चालत तं घरी न्या." बापलोक तरीही सही करायचे.

मग ऐंशीच्या दशकात नागपूरला सीटी स्कॅन आलं. आमच्या दवाखान्यात तर जणू घरातच बारसं होतं. मॅडम एकट्या जाऊन ते पाहून आल्या. दोन दिवस कोणाला शिवी दिली नाही. तिसऱ्या दिवशी डार्करूममध्ये म्हणाल्या, "थूल, छप्पर काढून घर पाह्यल्यासारखं आहे रे. कोण कुठं बसलं, कोण कुठं पडलं, सगळं. सुई नाई, काई नाई. आपला धंदा संपला."

"मग सगळे तिकडंच पाठवायचे?"

"नागपूर सरकून जवळ आलं का? फोटो कोणता चांगला हे लहान पोरगंही सांगन. तो फोटो माणूस जिता असताना निघते का, हे सांग."

आणि त्यांनी आपला हिशोब ठरवला. जो शुद्धीवर आहे आणि तसाच राहतो, तो नागपूरला. जो डोळ्यांदेखत बुडत चालला, त्याला इथेच सुई आणि इथेच राऊत. डॉ. राऊतांना हे नको होतं. सगळेच नागपूरला जावेत असं त्यांचं म्हणणं. मीटिंगमध्ये मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, रस्त्यात मेला तं तुमच्या टेबलावर मेला नाई, एवढंच ना?" राऊतांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यांनी त्यानंतर बरेच दिवस मॅडमशी कामापुरतंही बोलणं टाळलं, पण हिशोब मॅडमचाच चालला.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. पिपरी मेघेला म्हातारी आई आणि धाकटा भाऊ वसंता यांच्याबरोबर त्या राहायच्या. वसंता शाळेत इतिहास शिकवायचा आणि शाळेबाहेरही शिकवायचाच. तोंडाचा पट्टा असा की लग्नात, बारशात, सभेत सगळीकडे त्यालाच उभं करायचे. मॅडमना 'कुमे' म्हणणारा आणि त्यांची टिंगल करणारा जगात तेवढा एकच. डबा घेऊन आला की बाकावरच्या नातेवाइकांना सांगायचा, "घाबरू नका, आमची कुमी फक्त जित्या माणसाले खाते." मॅडम आतून ओरडायच्या, "डबा ठेव अन् नीघ." त्यांच्या आवाजात तेव्हा माया असायची असं मला वाटतं, पण मी पैज लावणार नाही.

एका दुपारी वसंता डोक्याला पंचा गुंडाळून चालतच आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं त्याच्या सायकलला धक्का दिला होता. "थूलभाऊ, माह्या डोक्यात काई आहे का पाहा एकदाचं. कुमी म्हणते, काईच नाई."

मॅडमनी त्याचंही डोकं नळाखाली धुतलं. मी फोटो काढला. कानाच्या वर डावीकडे केसाएवढी बारीक रेघ, आणि ती नेमकी हाडातल्या रक्तवाहिनीच्या खोबणीला आडवी कापून गेलेली. मॅडमनी फिल्म उजेडाला धरली. ती वाहिनी फाटली असली तर आत रक्त साठत जातं. बाहेर बाकावर वसंता एका बाईला त्याच्या पडण्याची गोष्ट रंगवून सांगत होता. थोड्या वेळानं तीच गोष्ट त्याच बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मग त्याला उलटी झाली. नाडी मंद होत चालली, एक बाहुली मोठी दिसू लागली.

डॉ. राऊत धावत आले. जुनं सगळं विसरून आले, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. "मॅडम, जीप लावली आहे. तुमचा भाऊ आहे. नागपूरला सीटी करून तिथल्याच न्यूरोसर्जनकडे देऊ."

"वेळ पुरते का?"

राऊतांनी वसंताची बाहुली पुन्हा पाहिली.

तेवढ्यात कोणीतरी आईला आणलं होतं. म्हातारी मॅडमच्या हाताला लोंबकळली. "कुमुद, त्याले नागपूरले ने. ती सुई नको टोचू माह्या लेकराले. तूच सांगत होती ना लुळे होतात म्हणून?"

"सांगत होती."

"मग?"

"लोकांच्या लेकरायले सुई, अन् माह्या भावाले मोटरीतून फिरवू? बाजूले हो."

"तुह्या पाया पडतो."

"थूल, आईले बाहेर ने."

मी म्हातारीला बाहेर नेलं. मी दाराला आतून कडी लावू लागलो तेव्हा तिनं माझं मनगट चावलं.

मॅडमनी सुई घातली. हलला तो वसंता. अर्धवट शुद्धीत त्यानं मान झटकली, सुई बाजूला गेली. दुसऱ्यांदा तेच. मॅडमनी तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा रक्त उडालं. "हां" म्हणाल्या, मी कॅसेटी ओढल्या. फोटो असा स्वच्छ आला की पुस्तकात छापावा. डावीकडच्या नसा हाडापासून सुटून आत गेलेल्या, मधोमध धोंड्याएवढी रिकामी जागा. राऊतांनी ओल्या फोटोवरून उघडलं आणि काळी, थिजलेली गाठ काढली. वसंता जगला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेलेला होता. तोंड वाकडं. आणि बोलणं गेलेलं. समजत सगळं होतं. तुम्ही बोललात की डोळ्यांतून कळायचं. पण ज्या माणसाला सभा पुरायची नाही त्याच्या तोंडून घरघर आणि लाळ, याशिवाय काही येईना.

सगळे म्हणाले, मारच जबर होता. राऊत म्हणाले, मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाई." हे शब्द त्यांच्या तोंडून लोकांनी पहिल्यांदाच ऐकले. घरी आई रोज एकच वाक्य म्हणायची, नागपूरले नेलं असतं तं. जेवताना, भांडी घासताना, वसंताचं तोंड पुसताना. ज्या इंटर्नना मॅडमनी रडवलं होतं ते व्हरांड्यात हसायचे, "म्याडमनं घरच्यावरच हात साफ केला." मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी त्यांना काही म्हटलं नाही, आणि हे मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं.

एक दिवस मला म्हणाल्या, "थूल, सुट्टी टाक. वसंताले नागपूरले न्यायचं आहे. सीटीले."

"आता काय पाहायचं मॅडम?"

"गाठीनं दाबून मेंदू मेला असन तं गाठीखालचा मेला असन. सुईनं नस बंद झाली असन तं त्या नसेचा सगळा इलाखा मेला असन. आता वेगवेगळं दिसन."

"अन् दिसून काय होते?"

"काईच होत नाई. दिसते."

त्यानंतर मॅडम फार दिवस नोकरीत राहिल्या नाहीत, आणि मीही नागपूरकडे गेलो. म्हणून त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या सीटीच्या दिवशीच, असं म्हणायला हरकत नाही. बसमधून वसंताला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. सीटीच्या खोलीत गारवा होता. मशीनजवळच्या डॉक्टरनं उठून मॅडमना नमस्कार केला. तो बुटे होता. चांगला जाड झाला होता, चष्मा लागला होता.

फोटो निघाले. बुटेनं ते बॉक्सवर लावले, मॅडमनी शेजारी त्यांच्या सुईचे जुने फोटो लावले. मी बी.एस्सी. माणूस, इतकी वर्षं डोकीच पाहिलेली. मलाही दिसलं. डाव्या बाजूला पाचरीसारखा मोठा काळा पट्टा, हाडापासून थेट आतपर्यंत. गाठ होती ती जागा त्याच्या एका कोपऱ्यात होती. बाकीचा काळा भाग गाठीपासून दूर पसरलेला, आणि जुन्या फोटोत एक नस जेवढ्या भागाला फांद्या देत होती, बरोबर तेवढाच.

 बुटे मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, मार लागल्यानंही असं होऊ शकतं. दाब वाढला, की नस..."

"बुटे."

"जी."

"तुले वाचायले बसवलं आहे. लोकायची समजूत काढायले नाई. काय दिसते?"

त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "नसेचा पूर्ण इलाखा आहे, मॅडम. सुईमुळेच."

"आता बरोबर वाचलं."

व्हरांड्यात वसंताला एका स्टुलावर बसवलं होतं, पाठ भिंतीला टेकवून. मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, मॅडम, घरी गेल्यावर. त्यांनी ऐकलं नाही.

"वसंता, आई म्हणते ते खरं निघालं. मार लागला त्यानं नाई झालं. माह्या सुईनं झालं. तिसऱ्यांदा टोचली त्यात नस गेली असन. नागपूरले आणलं असतं तं रस्त्यात मेला असता का नाई, ते आता कोणतीच मशीन सांगत नाई. एवढंच आहे."

वसंता त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं डावा हात उचलला आणि त्यांच्या थोबाडीत मारली. जोरात मारली. व्हरांड्यातले लोक वळले. फोटो वाचायला लावलेला मॅडमचा चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. त्यानं पुन्हा मारली. प्रत्येक वेळी हात फिरवताना त्याचा तोल मेलेल्या बाजूला, उजवीकडे जात होता, आणि प्रत्येक वेळी मॅडम एका हातानं त्याचा उजवा दंड धरून त्याला सरळ करत होत्या, म्हणजे तो स्टुलावरून पडू नये. तोंड त्यांनी बाजूला केलं नाही. तिसऱ्यांदा त्याचा हात अर्ध्यावर आला आणि तिथेच लोंबू लागला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. मॅडमनी ती पदरानं पुसली.

मी चष्मा उचलला.

"राहू दे तो," मॅडम म्हणाल्या. गालावर बोटं उमटली होती. "तू त्याच्या डाव्या बाजूनं हो. उजवी बाजू मी धरतो."